सोमवारचा खुंटा

माझे भावोजी नोकरीत नेमकं काय करतात, हे ताईला लग्नानंतर कितीतरी वर्षं कोणाला धड सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ती "क्रीडा प्रशिक्षण केंद्रात असतात" एवढंच म्हणून चहा टाकायला आत पळायची, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "अय्या, म्हणजे खेळाडू आहेत?" खेळाडू नव्हते. प्रशिक्षकही नव्हते. भावोजींना आयुष्यात कोणी पळताना पाहिलेलं नव्हतं. ते केंद्राच्या प्रयोगशाळेत सामानसुमान सांभाळायचे आणि दर सोमवारी सकाळी माप व्हायचे.

हे मापाचं प्रकरण आधी समजावून सांगतो. मी त्याच प्रयोगशाळेत मशीनवर बसतो आणि माझं निम्मं आयुष्य हे समजावण्यातच गेलं आहे. लांब पल्ल्याचे धावपटू आमच्याकडे तपासणीला येतात. आम्ही त्यांच्या तोंडावर मास्क बांधतो, छातीला पट्टा लावतो आणि त्यांना ट्रेडमिलवर पळवतो. मास्कची नळी मशीनला जाते. शरीर किती ऑक्सिजन वापरतंय ते मशीन सांगतं, हृदय किती वेगाने धडधडतंय ते पट्टा सांगतो. त्यावरून प्रशिक्षक ठरवतात की ह्याला उद्यापासून किती जोरात पळवायचं आणि कधी विश्रांती द्यायची. मशीन चुकलं तर आमच्या खोलीत काहीच होत नाही. बाहेर मैदानावर मात्र कोणाच्या तरी पायांची वाट लागते.

मग मशीनवर विश्वास किती टाकायचा? रोज सकाळी मी त्याला सिलिंडरमधला ठरावीक मिश्रणाचा वायू देतो. आकडा जुळला की मशीन शहाणं. पण सिलिंडरला घाम येत नाही, धाप लागत नाही, त्याचा मास्क गालापाशी सैल राहत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा जिवंत माणूस लागतो. त्याने ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या चढावर चालायचं. त्याचा आकडा नेहमीइतकाच आला की मशीन ठीक आहे असं समजायचं. खुंटा हलवून बळकट करून घ्यायचा, दुसरं काही नाही.

पण कधीच न बदलणारा माणूस आणायचा कुठून? खेळाडू उपयोगाचे नाहीत. ते हंगामात चढतात, हंगाम संपला की उतरतात. आमच्या प्रमुख मॅडमनी दोन-तीन जण लावून पाहिले. एकाचं लग्न झालं आणि पोट सुटलं. दुसऱ्याला ह्या चालण्याचीच गोडी लागली, त्याने सायकल घेतली आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायला लागला. मॅडमनी त्याचं अभिनंदन केलं आणि त्याला काढून टाकलं. शेवटी सामानाच्या खोलीतून भावोजींना बोलावणं आलं. भावोजी चालले. पुढच्या सोमवारी चालले. त्याच्या पुढच्या सोमवारीही चालले. थंडी पडली, उन्हाळा आला, केंद्राच्या भिंतींचा रंग बदलला, भावोजींचा आकडा काही जागचा हलला नाही. मॅडम म्हणाल्या, "हा माणूस आहे की खुंटा?" झालं. तेव्हापासून धावपटू त्यांना खुंटाकाका म्हणायला लागले आणि भावोजींनी ते नाव पदवी मिळावी तशा गांभीर्याने स्वीकारलं.

त्यांनी ह्या कामासाठी जे केलं, ते करायला वेगळ्याच मातीचा माणूस लागतो. ते बससाठी धावले नाहीत. समोरून बस सुटताना दिसली तरी शांतपणे पुढच्या बसची वाट बघत उभे राहिले, कारण "सोमवारी दिसेल." जिना चढायची वेळ आली तर ते लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत खाली थांबायचे. नातेवाइकांचं घर हलवायचं निघालं की आम्ही कपाटं उचलायचो आणि भावोजी दारात उभे राहून "डावीकडे, डावीकडे" म्हणायचे. पानात वाढायला आलेल्या माणसाच्या हाताकडे ते अशा नजरेने बघायचे की वाढणाऱ्याचा हात आपोआप थांबायचा. बूट झिजले की त्याच कंपनीचे, त्याच रंगाचे घ्यायचे. ती कंपनी बंद पडणार अशी आवई उठली तेव्हा त्यांनी कपाटात साठा करून ठेवला. ताई म्हणायची, "ह्या घरातलं सगळं जुनं झालं, हे तेवढे जसेच्या तसे." हे कौतुक होतं की तक्रार, ह्याचा थांगपत्ता आम्हाला कधी लागला नाही.

मला ही नोकरी भावोजींच्या शब्दावर लागली. ताईने त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. मी एकटा राहतो, जेवायला रोज ताईकडे जातो, आणि आईवडील गेल्यानंतर मला सणसणीत बोलणारं माणूस तेवढंच उरलं आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कुठे चिडलो तर का चिडलो ते कळेल.

ताईला जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. "वय झालं" म्हणत राहिली. मग एके दिवशी बाजारातून येताना ती वाटेतल्या दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना. हृदयाच्या एका नळीत अडथळा निघाला. दवाखान्यात नळीत जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "औषधं माझी, पण पाय तुमचे. रोज चालायचं, झपाझप, न चुकता. नाही चाललात तर पुन्हा इथेच भेटू." हे ते हसून म्हणाले. 

ताई पहिल्या दिवशी गेली आणि कोपऱ्यावरूनच परत आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"लोक विचारतात, कुठे निघालात? काय सांगू? कुठेच नाही?"

"फिरायला निघाले म्हण."

"एकटी? उगाचच? हातात पिशवीसुद्धा नाही. मला नाही जमायचं."

मी बरोबर जातो म्हणालो. मी दोन सकाळी गेलो आणि तिसऱ्या सकाळी उठलो नाही. ह्याबद्दल ताईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. राहता राहिले भावोजी. त्यांचं धर्मसंकट मला कळत होतं. रोज झपाझप चाललेला माणूस खुंटा राहत नाही, हे प्रयोगशाळेतल्या झाडूवाल्या मावशींनाही माहीत आहे. भावोजींनी विचार करून मार्ग काढला. ताई चालायची आणि भावोजी तिच्या शेजारून, तिच्याच वेगाने, स्कूटरवरून जायचे.

हे दृश्य आमच्या वस्तीने काही दिवस बघितलं. पुढे ताई, कपाळाला आठ्या घालून. शेजारी स्कूटर फटफटत, तिच्यावर भावोजी, दोन्ही पाय जमिनीला टेकवत तोल सांभाळणारे. पाठीमागे हॉर्न. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थांबून ताईला विचारलं, "बाई, हा माणूस त्रास देतोय का?" ताई म्हणाली, "हो, लग्न झाल्यापासून." आणि तशीच घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "संपलं. आता मी बाहेर पडणार नाही. पुन्हा पायरीवर बसले तर बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली आणि कपाटातल्या साठ्यातला एक नवा जोड काढला. "चल," ते म्हणाले. ती गेली.

मी त्यांना विचारलं, "आणि सोमवार?"

"अरे, बायकोबरोबर फिरणं म्हणजे काय व्यायाम आहे का?" ते म्हणाले. ते हे मनापासून म्हणाले. त्यांच्या लेखी व्यायाम म्हणजे घाम, शिट्टी आणि ओरडणारा प्रशिक्षक. ताई फक्त बोलायची. केंद्राच्या मैदानाला कुंपण आहे, त्या कुंपणाच्या बाहेरून दोघं फेऱ्या मारायचे. ती बोलायची, हे ऐकायचे, आणि ती बोलता बोलता चांगलीच वेगात जायची कारण ती शेजाऱ्यांबद्दल बोलायची.

असे काही महिने गेले. मग एका सोमवारी भावोजींचा आकडा खाली आला.

थोडासाच आला होता. मी नळी तपासली. पुढच्या सोमवारी आणखी खाली. पट्टा म्हणाला, हृदयही कमी धडधडतंय. मी दुसरा पट्टा लावला. त्यानेही तेच सांगितलं. दोन्ही पट्टे एकाच खोक्यातले, म्हणून दोन्ही नादुरुस्त ठरले. भावोजींचं वजन केलं तर तेही उतरलं होतं. "वजनकाटासुद्धा?" भावोजी म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रोज रात्री येऊन सगळ्या यंत्रांचे स्क्रू ढिले करून जातो.

मी म्हणालो, "सिलिंडरचा आकडा बरोबर येतोय. मशीन ठीक आहे."

मॅडमनी पडद्यावर मागचे सगळे सोमवार काढून बघितले. त्या काही उथळ बाई नव्हेत. आधी दोनदा भावोजी आणि मशीन ह्यांच्यात असाच वाद झाला होता. एकदा नळीला सुईएवढं भोक निघालं होतं, एकदा आतला भाग जुना झाला होता. दोन्ही वेळा भावोजी खरे ठरले होते. "काका, काही बदल केलाय का?" त्यांनी विचारलं. "खाणं? झोप? व्यायाम?"

"मी?" भावोजी म्हणाले. "मी कसा बदलेन?"

 त्यांचं रोजचं चालणं मला माहीत होतं, पण मीही त्यांना खुंटाच समजत होतो. शेवटी सिलिंडर वाईट ठरला. नवा मागवला, तो येईपर्यंत मशीनने दाखवलेल्या आकड्यात थोडी भर घालायची असं ठरलं, म्हणजे भावोजी पुन्हा पूर्वीइतके दिसतील. पगारी माणसाने मूग गिळून बसायचं असतं. मी भर घातली. सोमवारी भावोजी जसेच्या तसे आले आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

ह्याचा परिणाम असा झाला की केंद्रातला प्रत्येक खेळाडू अचानक सुधारला. भर सगळ्यांच्याच आकड्यांत पडत होती, आणि दमेपर्यंत पळणाऱ्याचा आकडा जितका मोठा तितका तो तयार समजतात. लांब पल्ल्याच्या प्रशिक्षकांना तर आकाश ठेंगणं झालं. त्यांनी नुकतंच मुलांना चढावर पळवायला सुरुवात केली होती. "माझी पद्धत," ते प्रत्येकाला थांबवून सांगायचे. "चढ! रहस्य चढात आहे." आणि आकडा वाढला म्हणून त्यांनी सगळ्यांचा वेग वाढवला.

सगळ्यांत जास्त भोगलं ते सुतळीने. सुतळी म्हणजे आमची लांब पल्ल्याची मुलगी, अंगाने बारीक आणि तुटायला अवघड. तिची निवड चाचणी जवळ आली होती. ती प्रशिक्षक सांगतील तेवढं पळायची आणि वर आणखी थोडं.

एका सकाळी ताई आणि भावोजी कुंपणाबाहेरून चालले होते. आतल्या बाजूला सुतळी तारेला धरून ओकत होती. ताई फाटकातून आत गेली, तिला खाली बसवलं, तोंड पुसलं, पाणी दिलं.

"आजारी आहेस का गं?"

"नाही हो काकू. माझा आकडा वाढलाय." सुतळी रडवेली झाली होती. "मशीन म्हणतं मी पूर्वीपेक्षा चांगली झालेय. मग माझ्या पायांना का कळत नाही? झोप लागत नाही. सकाळी उठते तीच दमलेली असते. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

त्या संध्याकाळी ताईने आम्हाला दोघांना जेवायला वाढलं आणि मग समोर बसून फैलावर घेतलं. "त्या पोरीचं काय करून ठेवलंय तुम्ही? एवढी मोठी मशीनं घेऊन बसता आणि पोर ओकतेय ते दिसत नाही?"

"मशीनचाच घोळ आहे सगळा," भावोजी म्हणाले.

"मशीनवर कोण बसतं?" ताई म्हणाली. मी आमटी मागून घेतली.

पुढच्याच दिवशी ताईच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी कामावरून थेट ताईकडे निघालो होतो आणि भावोजी खाली भेटले, हातात भाजीची जड पिशवी. पूर्वी ते अशा वेळी खालच्या बाकावर बसून राहिले असते. त्या दिवशी त्यांना मला मशीनबद्दल सुनावायचं होतं, त्यामुळे ते जिना चढायला लागले. मी मागोमाग, रिकाम्या हाताने.

"सिलिंडरचंच घे," पहिल्या मजल्यावर ते म्हणाले. "तो भरून येतो, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि तू चिठ्ठीवर विश्वास ठेवतोस. चिठ्ठी कोणी चिकटवली?"

मी मान डोलावली.

"पट्ट्यांचं घे," दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले. "हल्ली माल कसला येतो ते मला विचार. सामानाची खोली कोणाकडे आहे? आणि तू मात्र पहिल्या दिवशी माझ्याकडे संशयाने बघितलंस. माझ्याकडे! मी घरातला माणूस म्हणून काही बोललो नाही."

ते बोलतच होते. मी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो, कारण मला पर्याय उरला नव्हता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"भावोजी," मी म्हणालो. पुढचे शब्द यायला वेळ लागला. "तुम्हाला धाप का लागत नाही?"

"कशाला लागेल? सावकाश तर चढलो."

"मी तुमच्याबरोबरच चढलो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चढून आलेल्या जिन्याकडे बघितलं. मग हातातल्या पिशवीकडे. पिशवी खाली ठेवून त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

"तिच्याबरोबर फिरणं," ते म्हणाले, "हा व्यायाम धरायचा का?"

"बरोबर कोण आहे ते हृदयाला कळत नाही, भावोजी."

 रोज चाललं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, मग ठोके कमी पुरतात, अंग हलकं होतं आणि तेवढाच रस्ता कमी श्वासात पार पडतो. हे आम्ही दोघांनी हजारदा ऐकलं होतं, पण ते दुसऱ्यांबद्दल होतं.

"म्हणजे मशीन बरोबर होतं," ते म्हणाले. आणि मग, घरात चोरी झाल्याचं सांगावं तशा आवाजात, "मी बदललो." आणि लगेच उठून उभे राहिले. "ती पोरगी!"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडताच त्यांनी मॅडमना उभ्या उभ्याच सांगितलं. इतकी वर्षं त्या खोलीत ते अंदाजे चारच वाक्यं बोलले असतील, त्यामुळे सगळे ऐकत राहिले. "मशीन बरोबर आहे. माझं चुकलं. मी रोज चालतो आणि ते मी धरलं नाही. मेव्हण्याचंही ऐकलं नाही. त्या मुलीला थांबवा." एवढं बोलून ते सामानाच्या खोलीत गेले आणि मास्क मोजत बसले.

मॅडमनी भर काढून टाकली आणि प्रशिक्षकांना बोलावलं. सगळे खेळाडू पुन्हा पूर्वीच्या जागी आले. चढाचं रहस्य संपलं. प्रशिक्षक दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, पण माणूस वाईट नाही. त्यांनी सुतळीला स्वतः घरी सोडलं आणि मी सांगेपर्यंत मैदानावर दिसायचं नाही म्हणाले. सुतळी पहिले काही दिवस नुसती झोपली.

मग मॅडमनी भावोजींना बोलावलं. मीही होतो. "काका, तुमच्यासारखा माणूस मला पुन्हा मिळणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. "पण हे उलटही होतं. चालणं बंद केलं की शरीर काही महिन्यांत पहिल्यासारखं होतं. तुम्ही थांबा. मी तोवर कसंबसं भागवते. तुम्ही पुन्हा होता तिथे याल."

 आयुष्यात भावोजींना एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली येत होती, आणि ती परत मिळत होती. "घरी विचारतो," ते म्हणाले.

ताई म्हणाली, "त्यात काय विचारायचं? थांबा तुम्ही. मी काय लहान आहे? जाईन एकटी." हे इतक्या ठासून म्हणाली की ही जाणार नाही हे मी तेव्हाच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून निघाली. आम्ही दोघं खिडकीत उभे राहिलो. ती कोपऱ्यापर्यंत गेली. शेजारच्या बाई भेटल्या, त्यांच्याशी बोलली. मग भाजीवाल्याकडे गेली, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि परत आली. "झाली माझी फेरी," ती म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोथिंबीर होती म्हणून तिने लिंबं आणली. तिसऱ्या दिवशी तिने पायात काहीतरी रुतलंय असं सांगितलं. कुठे रुतलंय ते दाखवायला मात्र तयार नव्हती. मी रागावलो. चांगलाच रागावलो, आवाज चढवला. "पुन्हा त्या पायरीवर बसायचंय का तुला?" ती म्हणाली, "तू दोन दिवस आलास ना माझ्याबरोबर? मग गप्प बस."   भावोजी बुटांचं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे होते.

सोमवारी मॅडमनी विचारलं, "मग काय ठरलं, काका?"

"ती एकटी जात नाही, मॅडम," भावोजी म्हणाले.

भावोजी पुढे काही बोलतील म्हणून मॅडम थांबल्या. पुढे काही नव्हतं. भावोजींचं सगळं म्हणणं तेवढंच होतं. मॅडमनी हळूच मान हलवली. मग त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"तुम्ही काही व्यायाम करता?"

"नाही."

"करायचा विचार?"

"नाही."

"डॉक्टरांनी कधी सांगितलंय?"

"सांगितलंय."

"मग?"

"मी गेलो नाही पुन्हा त्यांच्याकडे."

अशा रीतीने मी खुंटा झालो. भावोजींनी मला स्वतः तयार केलं. रविवारी काय खायचं नाही, बस सुटली तर काय करायचं, नातेवाईक घर हलवत असतील तर दारात कुठे उभं राहायचं. ट्रेडमिल चालू असताना खुंट्याशी कोणी बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मी चालताना ते समोर उभे राहायचे आणि माझ्या आकड्याकडे सासू सुनेच्या कामाकडे बघते तसं बघायचे. "बरा आहे," ते म्हणायचे. "अजून थोडा हलतो." सुतळी पुन्हा पळायला लागली. ती निवड चाचणी तिची गेली. पुढच्या चाचणीत ती निवडली गेली आणि पेढे वगैरे न वाटता थेट ताईकडे येऊन भरपूर जेवून गेली.

ताईची मोठी तपासणी निघाली तीही सोमवारीच. नळी पुन्हा अरुंद होतेय का ते बघायचं होतं. तसं निघालं तर ह्या वेळी छाती उघडावी लागेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी रजा काढतो म्हणालो. "तुझा सोमवार आहे," ताई म्हणाली. ती आणि भावोजी दवाखान्यात गेले. दवाखाना आमच्या मैदानाच्या पलीकडे आहे.

मी ट्रेडमिलवर चढलो. मॅडमनी पट्टा बांधला आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अजून सुरूसुद्धा केलं नाही. एवढे ठोके?" माझ्या तोंडावर मास्क होता, मी काय सांगणार? ट्रेडमिल फिरायला लागली. वेग तोच, चढ तोच. माझा आकडा मात्र वर वर जात होता. मॅडमनी नळी बघितली. सिलिंडर बघितला. सुतळी तपासणीसाठी बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, आज काकूंची तपासणी आहे." मॅडमनी मशीनवरचा हात काढून घेतला आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

समोरच्या खिडकीतून पूर्ण मैदान दिसतं. मी चालत होतो आणि बघत होतो. पलीकडच्या फाटकातून एक माणूस आत आला आणि पळायला लागला. आधी मी ओळखलंच नाही, कारण ती चाल मी कधी बघितलेली नव्हती. कोपरं बाहेर, मान ताठ, हातात एक मोठं पाकीट, पायात तेच बूट. भावोजी पळत होते. जो माणूस आयुष्यात बससाठी पळाला नाही, तो आता कशासाठी पळतोय?  पडद्यावरचा आकडा बघून सुतळी उठून उभी राहिली.

दार उघडलं. भावोजी आत आले आणि थेट ट्रेडमिलसमोर येऊन उभे राहिले. आपणच केलेला नियम त्यांनी मोडला.

"नळी मोकळी आहे," ते म्हणाले. "पार मोकळी. चालणं सोडू नका म्हणालेत."

त्यांना धाप लागली नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मला मैदान दिसत होतं. कुंपणाच्या कडेने ताई झपाझप येत होती, एकटीच, हातात पिशवी नव्हती.

मी ट्रेडमिल थांबवायची खूण केली नाही. चालत राहिलो आणि मास्कच्या आत रडलो. मशीनने तेही ऑक्सिजनमध्येच धरलं. मॅडमनी तो सोमवार बाद केला.